खांबाजवळची जागा

दारावरच्या माणसाने माझी पिशवी उघडली, आत टॉर्च मारला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"लाडू," मी म्हणाले. "तिळाचे. आमचा सण असतो जानेवारीत."

त्याच्या दोन कानांत मिळून नऊ बाळ्या, नाकात कडी, ओठ काळे आणि डोळ्यांत काजळ असं, की आमच्याकडे तान्ह्या बाळालासुद्धा कोणी एवढं घालत नाही. मी एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो तिथेच तोंडात टाकला, दाताखाली कडकन वाजल्यावर जरा दचकला आणि मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "मॅडम, आज इथे सगळ्यांत चांगला ड्रेस तुमचा आहे."

माझ्या अंगावर संक्रांतीची काळी साडी होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी घेतलेली. लीड्सच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नेसायची म्हणून मी ती साताऱ्याहून आणली होती. "क्लबमध्ये काळंच घालून यायचं, वहिनी," असं शरयूने बजावल्यावर बॅगेत काळं म्हणून तेवढंच सापडलं. आपण वर्षातून एकदा काळं नेसतो तर त्याचं केवढं कौतुक करतो. आणि ही मंडळी बारा महिने तेच घालतात, वर चेहऱ्याला पांढरी पावडर.

दोन हजार सातच्या जानेवारीतली ही गोष्ट. शरयू माझी नणंद, श्रीनिवासची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी लग्नाला आठ दिवस राहिले असताना तिने लग्न मोडलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाली, मला तो माणूस आवडत नाही, आणि मला कापडाचं डिझाइन शिकायला इंग्लंडला जायचंय. सासूबाईंनी तिला एकच वाक्य ऐकवलं होतं, "आजपासून मला मुलगी नाही." आमच्या सासूबाई बोलल्या की बोलल्या. शरयूचा फोन आला की त्या उठून देवघरात जायच्या. शरयू शिकली, तिथेच एका कापडाच्या कंपनीत लागली, पण दर रविवारी फोन करून मला आधी हेच विचारायची, "आईने विचारलं का गं माझ्याबद्दल?" आणि मी दर रविवारी काहीतरी गोलमोल उत्तर द्यायची.

श्रीनिवासला कंपनीने तीन महिन्यांसाठी लीड्सला पाठवलं, तेव्हा मीही सोबत आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरातून बाहेर पडले होते. सासूबाईंना धाकट्या दिरांकडे ठेवलं होतं. दीड महिना झाला असेल नसेल, तर त्यांना न्यूमोनिया झाल्याचं कळलं. श्रीनिवास मिळेल त्या विमानाने गेला. शरयूला जाता येत नव्हतं. व्हिसा वाढवण्यासाठी तिने पासपोर्ट सरकारी ऑफिसात पाठवला होता आणि तो परत यायला अजून तीन आठवडे होते. "तू तिच्यापाशी थांब," श्रीनिवास मला म्हणाला. "एकटी राहिली तर जिवाला लावून घेईल." म्हणून मी थांबले. अतिदक्षता विभागातून येणारा श्रीनिवासचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा. शरयूला तिच्या आईपर्यंत पोचायला तेवढा एकच रस्ता उरला होता.

तर त्या शनिवारी शरयूचा कार्यक्रम होता. त्याला ते ट्रिब्यूट म्हणतात. म्हणजे जुना एखादा गाजलेला बँड घ्यायचा, जो आता गात नाही, आणि त्याची हुबेहूब नक्कल करायची. शरयूचा बँड ज्याची नक्कल करायचा तो ॲशवेल नावाचा बँड म्हणे अठ्ठ्याऐंशी साली मोडला. त्याची गायिका अनवाणी उभी राहायची आणि एक हात गळ्याशी धरायची, म्हणून शरयूही अनवाणी उभी राहायची आणि हात गळ्याशी धरायची. आपल्याकडे नाट्यगीताच्या मैफलीत म्हातारे श्रोते बसतात ना, मूळ गायकाची जागा चुकली की चुक् करणारे, तसेच इथेही होते. फक्त यांच्या अंगावर साखळ्या होत्या.

शरयूला गायचं नव्हतं. सकाळपासून ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. पण दुपारी श्रीनिवासचा फोन आला की आईला जरा उतार आहे, ऑक्सिजन कमी केलाय. मग मीच तिच्यामागे लागले.

"घरात बसून तू काय करणार आहेस? भिंतीच बघणार ना? ग्रॅहम बिचाऱ्याने तीन वेळा फोन केला."

ग्रॅहम त्यांचा ड्रमवाला. एरवी पोस्टमन होता, आणि अतिशय सज्जन.

"आणि मी स्टेजवर असताना दादाचा फोन आला तर?"

"मी आहे की."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "स्टेजच्या डाव्या हाताला एक खांब आहे, लाल दिव्याखाली. तू तिथेच उभी राहा, म्हणजे मला सारखी दिसशील. फोन आला तर हात वर कर. मी गाणं तिथल्या तिथे तोडेन आणि खाली येईन. ग्रॅहमला सांगून ठेवते. करशील ना?"

"करेन."

"नक्की?"

"अगं, हात वर करायला काय कुस्ती खेळायचीय का?"

तेव्हा ती दिवसभरात पहिल्यांदा हसली.

क्लब रेल्वेच्या पुलाखालच्या कमानीत होता. वरून गाडी गेली की विटांतून थरथर यायची. आधीचे दोन बँड झाले तोवर मी खांबाला टेकून उभी होते आणि ओळख ना पाळख अशा सगळ्यांना लाडू वाटत होते. काळी झालर लावलेली एक आजीच्या वयाची बाई माझ्या पदराचे काठ हातात घेऊन बघत होती. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू? अकरा वर्षांत संध्याकाळी सातनंतर मी अशी घराबाहेर उभी राहिले नव्हते. सातला सासूबाईंचं इन्सुलिन, मग त्यांचं जेवण, मग पायाला तेल. साताऱ्यात त्या वेळी मध्यरात्र उलटून गेली होती आणि मला कोणी हाक मारणार नव्हतं.

नऊच्या सुमाराला शरयू स्टेजवर आली. पांढरा चेहरा, काळा लांब झगा, अनवाणी पाय. आधी तिने खांबाकडे बघितलं. मी मोबाईल दाखवला आणि मान हलवली, काही नाही. मग तिने हात गळ्याशी नेला.

मला त्या गाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती गायला लागली आणि मी लाडवांची पिशवी खाली ठेवली. ही मुलगी सातवीत असताना मी लग्न होऊन त्या घरात आले. तिच्या वेण्या घातल्या, तिला गणितात नापास होताना पाहिलं. तिला असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक गाणं संपलं की ती खांबाकडे बघायची, मी मान हलवायची, आणि ती पुढचं गाणं सुरू करायची. अशी चार गाणी झाली.

पाचवं गाणं सुरू असताना मोबाईल हातात थरथरला. ऐकू काहीच येईना, म्हणून मी कोट ठेवायच्या बोळात पळाले.

"वैजू, शरू कुठे आहे? दे तिला." श्रीनिवासचा आवाज बसला होता.

"स्टेजवर आहे. काय झालं, अहो?"

"आईचा श्वास पुन्हा बिघडलाय. डॉक्टर म्हणतात, सकाळ दिसणं कठीण. पण आत्ता शुद्धीवर आहे ती. आणि वैजू... तिने शरूला विचारलं गं. चार वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं." तो थांबला. मग घाईने म्हणाला, "सिस्टरनी मोबाईल आत न्यायला परवानगी दिलीय. मी आईच्या कानाशी धरतो. तिला फक्त शरूचा आवाज ऐकू दे. बोलाव लवकर."

"बोलावते. पाच मिनिटांत मीच फोन करते."

एवढंच बोलणं झालं, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले.

मी खांबापाशी परत आले तेव्हा पाचवं गाणं संपत होतं. शरयूने मला जाताना पाहिलं असणार, कारण तिचे डोळे माझ्याच जागेवर खिळलेले होते. तिने भुवया उंचावल्या. ग्रॅहमनेही काठ्या हवेत धरून ठेवल्या होत्या. क्षणभर सगळे थांबले होते. लोकांना वाटलं, असेल मूळ गाण्यातच तशी जागा.

माझा उजवा हात पदराखाली होता. तो तिथेच राहिला. मी मान हलवली. काही नाही.

शरयूने सुस्कारा सोडला, अगदी माईकमध्ये ऐकू येईल इतका, आणि डोळे मिटले. सहावं गाणं सुरू झालं. हे एवढं होऊ दे, मी मनाशी म्हटलं. मग सातवं सुरू झालं, तेही होऊ दे म्हटलं. आठव्याला लोक तिच्याबरोबर गात होते, ती झालरवाली आजी रडत होती, आणि शरयू त्या सगळ्यांच्या वर उभी राहून अशी काही गात होती की आता मध्ये पडायची माझी छातीच झाली नाही. लोकांनी ओरडून ओरडून आणखी एक गाणं मागून घेतलं. मी घड्याळ बघितलं नाही.

ती घामाने निथळत खाली आली ती थेट माझ्याकडे.

"मघाशी दादाचा फोन होता ना?"

"हो. आईंना जरा जास्त आहे. फोन कर म्हणालेत."

तिने माझ्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि मागच्या दाराने गल्लीत गेली. बाहेर बर्फासारखी थंडी होती आणि ती अनवाणी होती. मी तिच्या चपला घेऊन मागोमाग गेले. श्रीनिवासने पहिल्याच रिंगला फोन उचलला असावा. शरयू नुसती "दादा" म्हणाली. पलीकडचं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "कधी?"

दहा मिनिटं झाली होती.

ती भिंतीला पाठ घासत खाली बसली. फोन माझ्याकडे दिला. मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले.

"वैजू, का नाही बोलावलंस?" श्रीनिवास रडत होता. "तू करतेस म्हणालीस म्हणून मी मोबाईल मोकळा ठेवून उभा होतो."

"गाणं तोडता आलं नसतं हो तिला. एवढी माणसं होती." मग मी आवाज खाली आणला. "अहो, ऐका. आईंनी तिचं नाव घेतलं हे तिला कधीही सांगू नका. आयुष्यभर जाळत राहील ते तिला. शुद्धीवर नव्हत्या म्हणू या."

पलीकडे त्याने नाक ओढलं. "बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तसं."

आमच्या घरात हे असंच चालायचं. कुणाचा आजार, कुणाचं नापास होणं, कुणाचं मरण, सगळं ज्याचं त्याच्यापासून लपवायचं आणि त्याच्या भल्यासाठी म्हणायचं. त्यामुळे श्रीनिवासला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी परत आले. शरयूच्या पायात चपला घातल्या, लहान मुलीला घालतात तशा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आईने शेवटपर्यंत विचारलं नाही ना गं माझ्याबद्दल?"

"त्या शुद्धीवर नव्हत्या, शरू."

तिने मान हलवली. चेहऱ्यावरची पांढरी पावडर ओघळून गळ्यापर्यंत आली होती.

पासपोर्ट मिळाल्यावर ती साताऱ्याला आली तोवर तेरावं होऊन गेलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची. "वहिनीला कळलं होतं आईचं काही खरं नाही म्हणून. पण तिने मला गाऊ दिलं. सगळं ओझं एकटीने उचललं, मला त्या रात्री गाऊ दिलं. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. मी चहा टाकायला आत जायची.

हे पुढे सतरा वर्षं चाललं. शरयूने लग्न केलं नाही. मधली काही वर्षं गाणं बंद होतं, मग पुन्हा गायला लागली, त्याच बँडमध्ये, त्याच ग्रॅहमबरोबर. दर जानेवारीत आईच्या श्राद्धाला ती साताऱ्याला यायची आणि माझ्याच खोलीत, माझ्याशेजारी गादी घालून झोपायची. कुणी पाहुणा आला की ती गोष्ट ठरलेली. श्रीनिवास शेजारी बसून ऐकायचा आणि जमिनीकडे बघायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला. त्याने शब्द पाळला. मला वाटलं, आता खरं काय ते माझ्याबरोबरच जाईल.

परवाच्या जानेवारीत श्राद्धाचं जेवण झालं, गुरुजी गेले, आणि दुपारी आम्ही दोघी आडव्या झालो. शरयूने आता चाळिशी ओलांडली आहे. केस पांढरे व्हायला लागलेत, अजून काळंच घालते. छताकडे बघत ती म्हणाली, "वहिनी, तुला एक सांगू? मला त्या रात्रीचं काही वाईट वाटत नाही. शेवटी आईची भेट झाली नाही, त्याचंही नाही. फक्त एकच. तिने एकदा, नुसतं एकदा, माझं नाव घेतलं असतं ना, तर माझं सगळं आयुष्य निराळं गेलं असतं. मला आपण कुणाला नकोसे आहोत असं वाटत राहिलं नसतं."

ती हे रडत वगैरे म्हणाली नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली. त्यामुळेच मला सहन झालं नाही.

"घेतलं होतं," मी म्हणाले.

ती कुशीवर वळली.

"श्रीनिवासने फोनवर सांगितलं होतं. आई शुद्धीवर होत्या. तुला विचारत होत्या. ते मोबाईल घेऊन उभे होते. मला म्हणाले, शरूला बोलाव."

"मग तू म्हणालीस, तिला गाऊ दे." तिला अजूनही मला सोडवायचं होतं.

"नाही. मी त्यांना विचारलं, आणि मला? मला काही म्हणाल्या का? ते म्हणाले, नाही गं, फक्त शरू शरू करतेय." आता थांबणं शक्य नव्हतं. "अकरा वर्षं, शरू. इन्सुलिन मी टोचलं. नखं मी कापली, अंघोळ मी घातली, घाण मी काढली. आणि ज्या मुलीला मुलगी नाही म्हणाल्या होत्या, तिचं नाव. माझ्याबद्दल एक शब्द नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, थांबू दे त्यांना पाच मिनिटं. मी थांबले नाही का अकरा वर्षं? पाच मिनिटंच म्हणाले होते गं मी. मला काय माहीत होतं..."

बाहेर भांडी घासायला बाई आली होती. नळाचा आवाज येत होता. शरयू उठून बसली. मला वाटलं ती ओरडेल, आणि ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"काय म्हणाली आई?" तिने विचारलं. "नक्की शब्द काय होते? दादाने सांगितले असतील ना."

"सांगितले होते."

"मग सांग."

"'शरू जेवली का?' असं. दोनदा विचारलं म्हणाले."

शरयूने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते बघत बसली. मग म्हणाली, "असं नको. आई म्हणायची तसं म्हण. तुला येतं. तू तिच्याजवळ राहिलीस."

येत होतं. चार खोल्या ओलांडून येणारा तो आवाज मी अकरा वर्षं ऐकला होता. 'जेवली'वर जरा हेल, आणि शेवटचा 'का' असा, की विचारताहेत की रागावताहेत ते कळू नये. मी डोळे मिटले आणि सासूबाईंच्या आवाजात म्हणाले, "शरू जेवली का?"

"जेवले गं आई," शरयू म्हणाली.

 मग उठली, माझ्या शेजारची आपली उशी आणि पांघरूण उचललं, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.